घोड्यावरच्या बाजीरावांचा रंग दर जूनला का सुटतो?

गेली तीन वर्षं पाऊस आल्याची वर्दी मला बाजीराव देतात. कपाटातल्या सहा इंची बाजीरावांना घोड्यावरून उतरवायला गेलं की चर्र असा बारीक आवाज होतो आणि सुरवारीचा मांडीकडचा पांढरा पोपडा खोगिराला चिकटून राहतो. खालून दिसतं निळं चकचकीत प्लास्टिक. मूळ खेळणं कुठल्याशा परदेशी सुपरहिरोचं होतं, त्याची ती घट्ट निळी तुमान. पेशव्यांच्या सुरवारीतून ती डोकावली की माझा भाचा हसून लोळतो.

मी लालबागला राहते, बँकेत नोकरी करते आणि रविवारी खेळण्यांची कापाकापी करते. बाजारातली तयार ॲक्शन फिगर घ्यायची, डोकं, कपडे, हत्यारं बदलायची आणि तिचा इतिहासातला कुणी दिग्विजयी वीर करायचा, असा हा उद्योग. आतापर्यंत सिकंदर झाला, चंगीझ खान झाला, थोरले बाजीराव झाले. सिकंदर आणि चंगीझ खान ठणठणीत आहेत. दुखणं फक्त बाजीरावांना, आणि तेही मांड्या, गुडघे आणि उजवं कोपर एवढ्याच ठिकाणी. हे लक्षात यायला मला दोन पावसाळे लागले, कारण तोवर सगळा दोष मी रंगाच्या डब्यावर टाकत होते.

पहिल्या वर्षी हार्डवेअरच्या दुकानातला एनॅमल लावला. तो महिनाभर चिकटच राहिला, मला वाटलं हवा दमट आहे, वाळेल. दुसऱ्या वर्षी तो काढायला थिनर घेतला आणि बाजीरावांच्या नाकाचा शेंडा विरघळवून बसले. नाक पुट्टीने पुन्हा उभं केलं, मग स्प्रेच्या कॅनने रंग, वर व्हार्निशचे तीन हात. जाड थर म्हणजे मजबूत थर, अशी माझी समजूत. जाड थर म्हणजे मोठा पोपडा, एवढंच सिद्ध झालं.

बाजीरावच का? कारण ते बसलेले आहेत. भाला खांद्यावर टाकलेला, लगाम सैल, आणि तळहातावर जोंधळ्याचं कणीस चोळून दाणे तोंडात टाकत घोड्यावरून चाललेले बाजीराव, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. शत्रूने धाडलेल्या चित्रकाराने त्यांचं असंच चित्र काढून नेलं म्हणतात. आख्यायिका असेल, पण शोभते त्यांना. विसाव्या वर्षी पेशवेपद मिळालेला आणि १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडला निजामाला तोफखाना मागे टाकायला लावून पाण्यावाचून कोंडीत धरणारा माणूस लोडाला टेकलेला दाखवून कसं चालेल? म्हणजे मांड्या फाकलेल्या, गुडघे दुमडलेले, कोपर वाकलेलं. माझा सिकंदर नुसता उभा आहे. बाजीरावांच्या ज्या सांध्यांवर सगळा ताण, नेमका तिथेच मी रंग चढवला होता.

एक तक्रार, तीन दुखणी

‘रंग सुटतो’ असं आपण सरसकट म्हणतो. जरा भिंग घेऊन बघा, त्यात तीन वेगळी दुखणी असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं. बोट लावल्यावर रंग चिकट लागतो, ठसा उमटतो, हे एक. रंग कोरडा आहे, पण नखाने काकडीच्या सालीसारखा निघतो आणि खालचं प्लास्टिक कोरं करकरीत, हे दुसरं. आणि सांधा हलतो त्याच रेषेत ओरखड्याचा पट्टा, कडेला रंगाची बारीक पूड, हे तिसरं. पहिल्यात प्लास्टिकचा दोष, दुसऱ्यात पकडीचा, तिसऱ्यात जागेचा. माझ्या बाजीरावांना तिन्ही होती: मांडी चिकट, गुडघ्याच्या पिना सोललेल्या, कोपर घासलेलं. म्हणून एकच उपाय सगळीकडे लावून काही साधत नव्हतं.

रंग कुठला घ्यावा हा प्रश्न म्हणूनच दुसरा. पहिला प्रश्न, आपल्या हातात प्लास्टिक कुठलं आहे. एकाच बाहुल्यात तीन-चार जातींचं असतं आणि खोक्यावर सहसा त्याबद्दल काही लिहिलेलं नसतं. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या मिठावर होते.

फिगर सुटी करा. (कशी, ते पुढे येतंय.) एका पातेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून. प्रत्येक तुकडा आधी साध्या पाण्यात टाका. तरंगला तर तो पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचा; स्वस्तातले घोडे बऱ्याचदा याचेच असतात. त्यावर कुठलाच रंग धड धरत नाही, त्याचा नाद सोडा. साध्या पाण्यात बुडाला, पण मिठाच्या पाण्यात तरंगला तर एबीएस: कडक, नखाने टकटक वाजणारं, रंगवायला सगळ्यात गुणी. दोन्हीकडे बुडाला आणि नख लावल्यावर किंचित दबला तर मऊ पीव्हीसी. दोन्हीकडे बुडाला, पण कडक आणि हाताला मेणासारखा गुळगुळीत, तर नायलॉन किंवा त्याच्या जवळपासचं काही. सांध्यांच्या पिना सहसा अशाच असतात. एक सांभाळा: पोकळ मांडीत हवेचा बुडबुडा अडकला तर निकाल खोटा. तुकडा पाण्याखाली धरून चांगला हलवा, बुडबुडे निघू द्या, मग सोडा.

माझा निकाल असा: छाती आणि डोकं एबीएस, मांड्या पीव्हीसी, गुडघ्याच्या पिना नायलॉनच्या. घोडा आणि खोगीरही पीव्हीसी. थिनरने नाक का गेलं तेही कळलं, एबीएस थिनरमध्ये विरघळतंच.

चिकट मांडी

पीव्हीसी मुळात कडक असतं. आपल्या नळाचे पांढरे पाइप त्याचेच. खेळण्यात ते मऊ व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य मिसळतात. ते प्लास्टिकशी पक्कं बांधलेलं नसतं, हळूहळू वर येत राहतं, आणि उकाड्यात जास्तच लवकर येतं. वर एनॅमल किंवा स्प्रेचा रंग असला की हे द्रव्य त्या थरात शिरून त्याला कायमचं मऊ ठेवतं. म्हणून तो रंग ‘वाळतच नाही’. हवेला शिव्या देऊन उपयोग नाही. राजस्थानात नेऊन ठेवला तरी तो चिकटच राहणार.

मग जूनच का? मे महिन्यात बंद कपाट तापतं, द्रव्य वर येतं. जूनमध्ये हवेतला दमटपणा वाढतो, रंगाचा थर आणखी नरम पडतो. त्यात माझ्याकडे पीव्हीसीची मांडी पीव्हीसीच्या खोगिरावर महिनोन्‌महिने दाबून बसवलेली. परीक्षा मे महिन्यातच झालेली असते, जून फक्त निकाल लावतो.

यावर मी केलं ते असं. न वाळलेला एनॅमल आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडून काढला. तो वाळलेलाच नसल्यामुळे लोण्यासारखा निघाला. ॲक्रिलिक असेल तर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टूथब्रश बुडवून घासा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. थिनर आणि ॲसिटोन यांना हातही लावू नका. मग मांड्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतल्या. नवीन खेळणंसुद्धा धुवायलाच हवं, कारण साच्यातून सहज निघावं म्हणून लावलेला तेलकट थर त्याच्या अंगावर असतो. पूर्ण कोरडं झाल्यावर स्प्रे नाही, एनॅमल नाही. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) ब्रशने, पातळ. स्प्रेचे प्रायमर एबीएसच्या छातीवर खुशाल वापरा, मऊ पीव्हीसीवर नको.

आणि खोगिरावर मलमलचा तुकडा. पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून खोगिरावर बसवला, वाळल्यावर विटकरी रंगवला. प्लास्टिकला प्लास्टिक लागतच नाही आता. शिवाय खोगीर खोगिरासारखं दिसायला लागलं, हा वरचा नफा. मलमलची सुरवारच का नाही शिवली, असं कुणी विचारेल. शिवली होती. एकास बारा या मापात मलमलसुद्धा गोधडीसारखी दिसते.

घासणारं कोपर

आता माझं आवडतं प्रकरण. शाळेत सांधे शिकलो होतो ना, उखळीचा आणि बिजागरीचा? खांदा आणि मांडी उखळीची, गुडघा आणि कोपर बिजागरीचं. खेळण्यातही तेच. कारखान्यातून येताना दोन भागांत जेमतेम सरकण्यापुरती फट असते. आपण दोन्ही बाजूंना चार-चार हात रंग दिला की ती फट संपते. मग कोपर वाकवलं की रंग रंगाला खरवडतो.

फट आहे की नाही हे बघायला छपाईच्या साध्या कागदाची पट्टी घ्या. तो कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. सांध्याच्या दोन भागांमध्ये पट्टी सरकली तर पातळ रंगाला जागा आहे. अडली तर रंगवण्याआधी घासावं लागेल. माझ्या कोपरात पट्टी शिरलीच नाही. दोन वर्षं मी जिथे कागद मावत नाही तिथे सात थर कोंबत होते.

यावरून एक आठवण. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं १५८१ सालचं चिलखत आहे, पोलादी छातीपट आणि ढाल. भाच्याला दाखवायला नेलं होतं आणि मीच पाऊण तास काचेला नाक लावून उभी राहिले. जुन्या चिलखतांत चारआईना नावाचा प्रकार असतो: पुढे, मागे आणि दोन कुशींना असे चार पोलादी पत्रे, मध्ये चामड्याचे बंद. आईना म्हणजे आरसा. काख आणि खांदा यांच्या वाट्याला पोलादाचा पत्रा नाही, कड्यांची जाळी, कारण तिथे माणूस हलतो. चिलखत करणाऱ्या लोहारालाही माझाच प्रश्न पडला असणार, आणि त्याने तो सांध्यावर पत्रा न चढवून सोडवला होता.

तेव्हा माझा आजचा नियम असा की सांध्यात घासणाऱ्या पृष्ठभागाला रंग द्यायचाच नाही. ते प्लास्टिक मुळातच हव्या त्या रंगाचं मिळवायचं. चोरबाजारात जुन्या खेळण्यांच्या ढिगात मला पांढऱ्या पोशाखातला एक कराटेवाला सापडला, एक हात तुटलेला, म्हणून स्वस्त. त्याच्या मांड्या आणि पोटऱ्या बाजीरावांना लावल्या. आता रंग खरवडला तरी खाली पांढराच. निळी तुमान गेली, भाच्याची करमणूक संपली.

पाय बदलायचे तर फिगर सुटी करावी लागते, आणि लोक इथेच पिना मोडतात. पाणी उकळा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि सांधा दीड-दोन मिनिटं त्यात धरा. मऊ पीव्हीसी उकळीच्या बऱ्याच खाली नरम होतं, एबीएस आणि नायलॉन त्या तापमानाला टिकून राहतात. म्हणून उखळी सैल पडते आणि पिन शाबूत राहते. फडक्यात धरून सरळ ओढा, पिळू नका. न निघाली तर परत पाण्यात. बसवतानाही हेच, आणि लगेच गार पाण्यात, म्हणजे आकार धरतो. हात भाजतात, चिमटा वापरा, लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

कोपर मात्र कातडीच्या रंगाचं हवं होतं आणि तसं कुठे मिळालं नाही. तिथे आतल्या दोन्ही बाजू ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या, मग ८०० ने, कागदाची दुहेरी घडी सरकेपर्यंत. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरा, नाहीतर प्लास्टिकची पूड नाकात जाते. घासताना दर मिनिटाला सांधा जोडून बघा. जास्त घासलं की हात लुळा पडतो आणि मग बाजीराव भाला टाकून देतात. गुडघ्याच्या नायलॉनच्या पिनांना रंग धरत नाही, पण कापड रंगवायचा रंग नायलॉन छान पितं. गरम रंगात पिना ठेवल्या, फिक्कट तपकिरी झाल्या, सोलायला वर थरच नाही.

वाळवण

लालबागमध्ये राहण्याचा एक फायदा म्हणजे पावसाळ्यात रंग कसा वाळवायचा हे विचारायला फार लांब जावं लागत नाही. जूनपासून आमच्याकडे मंडपांत गणपतींचं रंगकाम चालू असतं, तेही बाहेर धो धो पाऊस असताना. आमच्या गल्लीतल्या मूर्तिकार काकांना माझा बाजीराव दाखवला. त्यांनी अंगठ्याने मांडी दाबली आणि म्हणाले, “ताई, बोटाला सुकलंय म्हणजे सुकलं नाही. एक हात मारला की विसरायचं. तुम्ही विसरत नाही, हा तुमचा प्रॉब्लेम.”

खरंय. ॲक्रिलिक वीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला दिवस लागतात आणि जुलैत, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना, आणखी जास्त. आता मी दोन थरांमध्ये एक अख्खा दिवस सोडते आणि शेवटच्या थरानंतर आठवडाभर सांधा जोडत नाही. तुकडे दातकोरण्यांवर टोचून थर्मोकोलमध्ये उभे, वर पंखा एकच्या वेगावर. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी ‘ड्राय’वर लावून त्या खोलीत ठेवावेत. हेअर ड्रायरने घाई करू नका, वरची साय वाळते आणि आत ओलं राहतं.

शेवटी पाण्यात मिसळणारं मॅट व्हार्निश, ब्रशने, एकच हात. स्प्रेचं व्हार्निश पावसाळ्यात मारलं तर कधीकधी अख्ख्या फिगरवर पांढुरकी धुरी येते. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते, गार बाटलीला घाम फुटतो तसं. माझ्या चंगीझ खानाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चिलखतावर एकदा तशी धुरी आली होती. कोरड्या दिवशी वरून ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात दिल्यावर गेली. फेविक्विकच्या जोडाभोवती पांढरी भुकटी दिसते ती वेगळी: गोंदाची वाफ दमट हवेत बाजूला बसते, कमी गोंद हाच उपाय. सांध्याजवळ तर फेविक्विक नकोच. एक थेंब आत गेला की बाजीराव जन्मभर हात वर करून बसतील.

पुट्टीचंही एक सांगते. एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी दमट हवेत आळली की कधीकधी वर मेणचट साय येते. तिच्यावर रंग दिला तर तो सुटतोच. साबणाने धुवा, ४०० नंबरने हलकं घासा, मग रंग. माझी पगडी या एका कारणाने दोनदा टकली झाली होती.

सिकंदर आणि चंगीझ खान का वाचले, याचं उत्तर त्यांच्या कपड्यांत होतं. पॉम्पेईत १८३१ साली सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या मोझॅकमध्ये सिकंदराच्या अंगात तागाचं चिलखत दिसतं. ग्रीक धाटणीच्या अशा चिलखताला कमरेखाली सुट्या पट्ट्या लोंबतात. मी त्या जुन्या पर्सच्या रेक्झिनच्या कापून लावल्या. मांडीचा सांधा त्यांच्याआड राहिला, त्याला रंगच लागला नाही. चंगीझ खानाला मंगोलांचा लांब झगा, त्याच्याखाली सगळं माफ. पहिल्यांदाच करणाऱ्याने म्हणूनच घोडेस्वाराला हात घालू नये, झगेवाला निवडावा. मी हे उलट्या क्रमाने शिकले.

यंदाचा जून गेला, जुलै संपत आला. परवा बाजीरावांना घोड्यावरून उचललं, आवाज आला नाही. मांड्या पांढऱ्या, कोपर शाबूत, डाव्या गुडघ्यामागे तांदळाएवढा एक ओरखडा आहे, तो मी राहू दिलाय. पण उजव्या हातातलं कणीस बघितलं आणि कपाळावर हात मारला. जोंधळ्याचा चार मिलिमीटरचा दाणा एकास बारात एक तृतीयांश मिलिमीटरचा होतो, म्हणून मोठ्या हौसेने तांब्याच्या तारेवर फेविकॉल लावून बारीक रवा चिकटवला होता. त्याला हिरवी बुरशी आलीये. गणपतीआधी रवा खरवडून तिथे चाळलेली वाळू लावायची आहे.